गिटारच्या पेटीत पन्नास, संबळाला पुढचं घर

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई बघायला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत गेटवे असतो, राणीची बाग असते, सिद्धिविनायक असतो, चौपाटी असते. यादीत नसलेला आणि तरी हटकून भेटणारा एक जण म्हणजे रस्त्यावरचा कलावंत. वांद्र्याच्या कार्टर रोडवर समुद्राकडे पाठ करून गिटार वाजवणारा तरुण, अंगाला चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखा तासन् तास उभा राहणारा माणूस, एखाद्या स्थानकाच्या जिन्याखालचा बासरीवाला. लोक थांबतात, लेकरांना पुढं करतात, मोबाइलवर चित्रण करतात आणि पुढ्यात उघडून ठेवलेल्या पेटीत वीस-पन्नासची नोट टाकतात. नोट टाकताना आपण भीक घातली असं त्यांना वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही आपण ती मागितली असं वाटत नाही. हेच कुटुंब जिंतूरला किंवा सेलूला परतलं आणि सकाळी दारात मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव येऊन उभा राहिला, तर आतून आवाज येतो : पुढचं घर बघा. याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यानं काही उलगडत नाही. माणसं तीच, खिसा तोच, करमणुकीची हौसही तीच. तरी एका ठिकाणी कलावंत दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी भिकारी. हा फरक पाडते ती व्यवस्था. कुणी कुठं उभं राहायचं, केव्हा यायचं, काय घ्यायचं आणि किती घ्यायचं, हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांना आधीपासून ठाऊक असलं की तो व्यवहार होतो. ठाऊक नसलं की ती याचना होते. जगातल्या मोठ्या शहरांनी ही व्यवस्था बऱ्याच भांडणानंतर उभी केली. परभणीसारख्या जिल्ह्याकडे ती पिढ्यान् पिढ्या होती. ती मोडली आणि तिच्या जागी दुसरी आलीच नाही.

यावर चटकन येणारं उत्तर दर्जाचं असतं : मुंबईचा गिटारवाला खरोखर वाजवतो, आपल्या दारात येणारे नुसते हात पसरतात. हे उत्तर टिकत नाही. गोंधळाचंच घ्या. संबळाच्या जोडीवर एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला वाकड्या टिपरीनं धरलेली लय, तुणतुण्याच्या एकाच तारेवर तोललेला सूर, हातात दिवटी घेऊन रात्रभर आख्यान लावणारा नायक आणि त्याला मध्येच अडवून हसवणारा साथीदार, एवढा ऐवज चार-पाच माणसांत उभा करणं हे लहान काम नव्हे. त्यातला करपल्लवीचा प्रकार तर नवख्या माणसाला जादूच वाटतो. बघ्यांपैकी कुणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगायचं, त्यानं ते बोटांच्या खुणांनी दूर उभ्या असलेल्या जोडीदाराला कळवायचं आणि जोडीदारानं गाता गाता ते नाव अचूक उच्चारायचं. बोटांची ही बाराखडी शिकायला वर्षं जातात. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम परभणीचेच. त्यांचा गोंधळ शहरी रंगमंचावर गेला, लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी तो कानात प्राण आणून ऐकला. तोच संबळ तिकीट काढून ऐकताना आपण टाळ्या वाजवतो आणि अंगणात वाजला की सुटे पैसे शोधतो. पैठणच्या एकनाथांना (१५३३-१५९९) दर्जाची ही शंका आली नव्हती. वासुदेव, गोंधळी, जोशी, गारुडी यांचे सोंग-संवाद त्यांनी भारुडांसाठी जसेच्या तसे उचलले, कारण वेदान्त सांगायला गर्दी लागते आणि गर्दी कशी जमवायची हे ज्यांना ठाऊक होतं ते लोक रस्त्यावर होते. पैठणहून खाली वाहणारी गोदावरी पुढं पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या शिवारातून जाते. त्या पट्ट्यात आजही भारुडाला माणूस बसतो. सगळेच फिरते कलावंत राजारामभाऊंच्या तोडीचे नसतात, हे खरं. पण कार्टर रोडवरचा प्रत्येक जणही तानसेन नसतो आणि पन्नासची नोट टाकताना आपण त्याची परीक्षा घेत नाही.

आता ज्या परदेशी शहरांचे व्हिडिओ बघून आपल्याकडे 'तिकडं कलेची कदर आहे' असं म्हटलं जातं, त्यांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. गणकयंत्राचा आराखडा करणारा चार्ल्स बॅबेज हा लंडनमधल्या रस्त्यावरच्या वादकांचा कट्टर वैरी होता. नव्वद दिवसांत या लोकांनी आपल्या कामात १६५ वेळा व्यत्यय आणला, अशी मोजदाद करून त्यानं ती छापली. (संगणकाच्या आजोबाकडून दुसरी अपेक्षा काय ठेवायची!) १८६४मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला की घरमालकानं हटकलं तर वादकानं तिथून हललं पाहिजे. न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९३६पासून रस्त्यावरच्या गाण्या-वाजवण्यावर बंदी घातली. ती उठायला १९७० उजाडलं. म्हणजे 'ही कटकट आहे, ही लपवलेली भीक आहे' हे वाक्य लंडन-न्यू यॉर्कनं आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा मोठ्यानं म्हटलेलं आहे. पुढं बदललं ते काय? तिथली माणसं एकाएकी रसिक झाली नाहीत. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेनं १९८५मध्ये वादकांसाठी जागा आणि वेळा नेमून देणारा उपक्रम सुरू केला. पॅरिसच्या मेट्रोनं १९९७पासून चाचणी घेऊन वादकांना ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३मध्ये परवाने आले आणि फलाटाकडे जाणाऱ्या वाटांवर वादकानं उभं राहायच्या जागा जमिनीवर आखून दिल्या गेल्या. जमिनीवरच्या त्या आखणीत उभा असलेला माणूस कालच्याच माणसासारखं वाजवत होता, पण आता तो तिथं 'असायला हवा' होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याच्याबद्दल संशय घ्यायचं कारण उरलं नाही. मोरोक्कोतल्या माराकेश शहराच्या जेमा अल-फना चौकाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथं कथेकरी, गारुडी, डोंबारी, वैदू रोज संध्याकाळी जमतात. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जत्रेसारखाच तो प्रकार. युनेस्कोनं २००१मध्ये त्या चौकाला मानवी वारशाचा मान दिला आणि ज्यांना हटवायचा विचार होऊ शकला असता, ते लोक शहराची ओळख ठरले.

आपल्याकडची जुनी व्यवस्था यापेक्षा कमी काटेकोर नव्हती. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी, पांगुळ, नंदीवाले, डोंबारी यांच्यात कुणी कोणत्या गावी जायचं हे घराण्यांत वाटलेलं असे. एकाच्या गावात दुसरा शिरला की तंटा जातपंचायतीपुढं जाई. परभणीच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या पंचायती भरत आणि वर्षभराचे वाद तिथं मिटत. हंगाम ठरलेला, वेळ ठरलेली : वासुदेव पहाटेचा, पांगुळ त्याच्याही आधीचा, बहुरूपी दिवसाउजेडी, गोंधळ लग्नानंतर रात्री. मोबदलाही ठरलेला. सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्यातून बलुतेदारांबरोबर या फिरत्या मंडळींचंही सूपभर धान्य निघे. त्या सूपभर ज्वारीत दया होती असं नव्हे, तो वाटा होता. नाही दिला तर गावात बोलणं खावं लागे. आणि घेणाराही उपकाराखाली वाकत नसे. बहुरूपी तर फौजदाराच्या वेषात येऊन पाटलालाच दम भरी, नसलेल्या लग्नाचं अचाट आमंत्रण देई आणि सगळ्या आळीसमोर त्याची फिरकी घेऊन जाई. ज्याच्याकडून पसाभर घ्यायचं त्याचीच टर उडवायची मुभा ज्याला आहे, त्याला भिकारी म्हणणं जड जातं.

ही घडी का मोडली? टीव्हीनं मारली, मोबाइलनं मारली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पॅरिसमध्ये मोबाइल आपल्याआधी आले आणि तिथला वादक अजून उभा आहे. परभणी जिल्ह्यातलं कारण रानात शोधायला हवं. हा मुलूख ज्वारीचा. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ज्वारीच्या वाणांची नावंच 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' अशी आहेत. १९९०नंतर खरिपात सोयाबीन पसरलं आणि ज्वारीचं क्षेत्र आक्रसत गेलं. सोयाबीन घरात खात नाहीत. मळणीयंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून थेट मोंढ्यात. खळं गेलं, रास गेली, राशीवरचा वाटाही गेला. सोयाबीनच्या पसाभर दाण्यांचं वासुदेवानं तरी काय करावं? मग घरधनी खिशात हात घालतो आणि नाणं काढतो. सूपभर ज्वारीचे आज बाजारभावानं शंभराच्या वर रुपये होतील. तिच्या जागी दोनचं नाणं आलं. देणाऱ्याला ते किरकोळ वाटतं आणि घेणाऱ्याला लागतं. दुसरं कारण उसाचं. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. फिरत्या कलावंतांचा गाव घ्यायचा हंगाम नेमका हाच. कुलूप लावलेल्या दारांच्या गल्लीत कोण कुणासाठी गाणार? कलावंत मग शहराकडं वळतो. परभणी, मानवत, पूर्णा, पुढं नांदेड, पुणे. तिथं त्याला कुणी ओळखत नाही, त्याच्या येण्याला तिथीवार नाही आणि उभं राहायला हक्काची जागा नाही. कला जशीच्या तशी त्याच्याजवळ असते आणि तरी तो दिसतो भिकाऱ्यासारखा.

सरकारच्या कागदावर तर तो भिकारी आहेच. १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भीक मागण्याची व्याख्या करताना स्पष्टच सांगतो की सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून त्या मिषानं पैसे मागणं हीसुद्धा भीकच. पहिल्यांदा पकडलेल्याला भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवण्याची त्यात तरतूद आहे. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातल्या अनेक कलमांना दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवलं. ज्या राज्यात तो जन्मला तिथल्या कायद्याच्या पुस्तकात मात्र तो अजून आहे. रेल्वेच्या १९८९च्या कायद्यातलं १४४वं कलम डब्यात आणि स्थानकात भीक मागायला मनाई करतं. मुंबईत २०१२ पासून एका न्यासानं रेल्वेची परवानगी काढून काही स्थानकांवर वादक बसवले आणि त्याचं वर्तमानपत्रांतून कौतुक झालं, ते योग्यच झालं. पण पूर्णा जंक्शनवर पेटी गळ्यात अडकवून गाणारं अंध जोडपं आणि मुंबईच्या स्थानकावरचा तो वादक यांच्यात कायद्याच्या दृष्टीनं अंतर एका परवानगीपत्राचं आहे. हे पत्र कुणाला मिळतं, याचं उत्तर कलेत शोधून सापडणार नाही.

परवानगीपत्र नसण्याची किंमत दंडापुरती राहत नाही. ब्रिटिशांनी १८७१च्या कायद्यानं कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला; तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. शिक्का कागदावरून गेला, नजरेतून गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेकरी परंपरेतले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती, तेवढं पुरलं. जुन्या रहाटीत फिरत्या माणसाला गाव ओळखत असे, निदान त्याचा वेष ओळखत असे. ती ओळख गेली आणि तिच्या जागी ओळखपत्रही आलं नाही. भटक्यांसाठीच्या राष्ट्रीय आयोगानं २००८च्या अहवालात जमीन, पक्कं घर, शिधापत्रिका या साध्या कागदांपासून हे लोक किती दूर आहेत ते मांडलं होतं. व्यवस्था हवी असं म्हणताना शहराची शोभा वाढवण्याचा विचार माझ्या मनात दुय्यम आहे. अनोळखी माणूस गावात सुरक्षित राहावा, ही पहिली गरज.

या म्हणण्यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही जोरकस आहेत. सगळ्यात जुना आक्षेप त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५च्या पुस्तकात आहे. आत्र्यांनी फिरस्त्यांची लांबच लांब यादी दिली आणि कुणब्याच्या राशीवर ही मंडळी कशी तुटून पडतात, त्याच्या हाती शेवटी काय उरतं, ते कडवटपणे लिहिलं. गावाची घडी कुणासाठी सोन्याची नव्हती, हे त्यांच्याकडून ऐकलं पाहिजे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या जिल्ह्यात वाट्याची जुनी पद्धत परत आणा, असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. उलट आत्र्यांचा आक्षेप पैशाच्या नव्या पद्धतीला लागूच पडत नाही. जत्रेतल्या किंवा शहरातल्या चौकात खेळ आवडला तर द्यावं, नाही तर पुढं जावं. दारात उभं राहून ओशाळं करणं नाही, शापाची भीती नाही. ओझं वाटतं ते नाही म्हणता येत नाही म्हणून. आखलेल्या जागेवरच्या कलावंताला नाही म्हणणं सगळ्यात सोपं असतं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो बहुतेक वेळा या समाजांतल्या शिकलेल्या तरुणांकडून येतो : बहुरूप्याच्या पोरानं बहुरूपीच का व्हावं? लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८०ला आलं, किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ला. त्यांनंतर 'आपली लोककला' म्हणत गळा काढणाऱ्यांनी थोडं जपूनच बोलायला हवं. जातीनं लादलेला धंदा टिकवणं ही संस्कृतीची सेवा नव्हे. पोतराजानं स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढून घेण्याला कलेच्या नावाखाली जागा आखून द्यावी, असं मला मुळीच वाटत नाही. ते थांबलंच पाहिजे आणि थांबवणारे त्याच समाजातून पुढं आले आहेत. राष्ट्रीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके स्वतः गोंधळी घरातले. संबळ सोडून त्यांनी चळवळ धरली, यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण धंद्यातून बाहेर पडण्याची वाट मोकळी करणं आणि धंदाच भीक ठरवणं यांत फरक आहे. पहिल्यानं माणसाला निवड मिळते, दुसऱ्यानं आहे तेही जातं. म्हणून परवाना द्यायचा तर त्यात जातीचा रकाना नको. ज्याला संबळ येतो त्याला द्या, मग तो गोंधळी असो की संगीत महाविद्यालयातली मुलगी. ज्या दिवशी ती मुलगी चौकात उभी राहील त्या दिवशी तिच्या शेजारचा गोंधळी आपोआप वादक दिसायला लागेल. कार्टर रोडवर नेमकं हेच घडलेलं आहे.

मुलांचा आणि जनावरांचा प्रश्न मात्र चर्चेचा नाही. दोरीवर चालणारी आठ वर्षांची मुलगी शाळेत असायला हवी, मग बघणाऱ्यांना कितीही मौज वाटो. इथं कायद्याचं वागणं मात्र खटकतं. बालमजुरीच्या कायद्यात २०१६मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा सिनेमा, मालिका, जाहिराती यांत काम करणाऱ्या बालकलाकारांना अटींसह मुभा मिळाली, सर्कस तेवढी वगळली. म्हणजे दिव्यांच्या झोतात अवघड उड्या मारणारं मूल कलाकार आणि बांबूवर चढणारं मूल गुन्ह्याचा विषय. अटी असतील तर दोघांना सारख्या असाव्यात आणि त्या शाळेच्या बाजूनं असाव्यात. जनावरांचं म्हणाल तर अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळ शिकवून दाखवण्यावर १९९८मध्ये बंदी आली, २०११मध्ये त्यात बैलाची भर पडली. नाग-साप १९७२च्या वन्यजीव कायद्यात आधीच होते. दरवेशी आणि गारुडी यांचा रोजगार यानं गेला आणि बदल्यात त्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही, ही चूक खरी. पण चूक पुनर्वसनातली आहे, बंदीतली नाही. नाकात वेसण घातलेलं अस्वल परत येऊ नये.

उरतो तो व्यवहारी आक्षेप : परवाना आला की परवान्याचा साहेब येईल, साहेबाबरोबर हप्ता येईल आणि ज्याच्याजवळ कागद नाहीत तो पुन्हा बाहेरच. हा धोका आहेच. पॅरिसच्या चाचणीत पुष्कळ जण गळतात आणि तिथं तरी निवडणारे वादक जाणतात. आपल्याकडं एखाद्या कारकुनानं गोंधळाला गुण द्यावेत, ही कल्पनाच नको. ज्येष्ठ कलावंतांना मासिक मानधन देणाऱ्या राज्याच्या योजनेचा अनुभवही फार उत्साहवर्धक नाही; ज्याचं आयुष्य वाटेवर गेलं त्यानं आपण कलावंत असल्याचे कागदी पुरावे आणावेत, ही अट ऐकूनच कितीजण मागं फिरत असतील. म्हणून कलेची परीक्षा न घेता फक्त जागा आणि वेळ वाटावी. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात वस्तू विकणाऱ्याबरोबर रस्त्यावर लोकांना सेवा देणाराही पथविक्रेताच धरला आहे. खेळ करणं ही सेवा नव्हे, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. या कायद्याखाली शहरात नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी चाळीस टक्क्यांहून कमी असू नयेत, सर्वेक्षण करून प्रमाणपत्र द्यावं, असं सगळं लिहिलेलं आहे. परभणीला २०११पासून महानगरपालिका आहे. भाजीवाल्याला जे प्रमाणपत्र मिळतं तेच बहुरूप्याला द्यायला फक्त एका ठरावाची गरज पडेल. मग फौजदाराच्या वेषातल्या त्या माणसाला खऱ्या फौजदारानं हटकलं, तर दाखवायला त्याच्या खिशात काहीतरी असेल.

पैशाचं काय, हाही प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. सुटे नाहीत ही सबब संपत आली आहे. आंध्र-तेलंगणाकडं गंगिरेद्दु नावाचे नंदीबैलवाले आहेत, आपल्या नंदीवाल्यांचे भाऊबंदच म्हणा. त्यांच्या एका बैलाच्या कपाळावर क्यूआर कोड बांधलेला व्हिडिओ नोव्हेंबर २०२१मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी समाजमाध्यमावर टाकला होता आणि देशभर त्याचं हसू झालं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कुणाच्या हातावर काही ठेवावं लागत नाही, कुणाला हात पुढं करावा लागत नाही आणि रक्कम दोनच्या नाण्यावर अडत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी वेगळी वाट काढली : गुरांच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय मांडलं. लोक गावागावांत त्यांची वाट बघण्याऐवजी त्यांच्या दारी यायला लागले आणि २०२१ची पद्मश्रीही त्यांच्या नावावर झाली. पण गंगावण्यांच्या मागं कोकणचा पर्यटक आहे. परभणीत पर्यटक म्हणून कोण येतं? पाथरीला साईबाबांच्या नावानं, गंगाखेडला जनाबाईच्या नावानं माणसं येतात, दर्शन घेतात आणि पुढच्या गाडीनं जातात. संध्याकाळी थांबावं असं काही तिथं नसतं. गंगाखेडच्या घाटावर रोज सायंकाळी एक तास भारुड किंवा गोंधळ उभा राहिला तर कदाचित ती एक संध्याकाळ तयार होईल. कदाचितच म्हणतो, कारण जेमा अल-फना ठरवून घडवता येत नाही.

सुरुवात करायची तर ती उरुसात करावी. हजरत तुराबुल हक शाह यांचा परभणीचा उरूस दर फेब्रुवारीत भरतो. हिंदू-मुसलमान, शेतकरी-नोकरदार, सगळा जिल्हा तिथं लोटतो. आकाशपाळण्याला, मौत का कुआँला, खेळण्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांना तिथं मोजून जागा मिळते. खेळ करणारा मात्र दोन दुकानांच्या फटीत उभा राहतो आणि कुणीही त्याला उठवू शकतं. मैदानात चुन्यानं आखलेले चार-सहा चौकोन, बाजूला वेळेची पाटी, रात्री एक दिवा, एवढ्यानं भागेल. शेजारचं माळेगाव हे निम्मं आधीच करतं. तिथल्या यात्रेत नांदेड जिल्हा परिषद कुस्ती आणि जनावरांच्या प्रदर्शनाबरोबर लावणी महोत्सव आणि लोककलांचे कार्यक्रम मांडते. उरलेलं निम्मं म्हणजे मंडपाबाहेरची जागा, जिथं ज्याचं नाव कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत नाही तोही उभा राहू शकेल. माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी येते, साधारण डिसेंबर-जानेवारीत. ती आटोपून राहुट्या उठतात तेव्हा परभणीचा उरूस महिना-दीड महिन्यावर आलेला असतो, आणि लोह्याहून परभणीला यायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही.